जोर कुठे द्यायचा आणि कुठून काढायचा: इंग्रजी बोलण्यातले आघात, सूर आणि लय

इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, व्याकरणही पक्कं आहे. तरी बोलायला लागलं की समोरचा माणूस पुन्हा विचारतो. आणि तो बोलायला लागला की आपल्या चांगल्या ओळखीचे शब्दसुद्धा कानावरून निसटून जातात. अशा वेळी बहुतेक जण एकेका ध्वनीच्या मागे लागतात: 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे कसे काढायचे, 'टी' म्हणताना जीभ कुठे टेकवायची. तेही शिकावं. पण अडचणीचं मूळ बऱ्याचदा ध्वनींमध्ये नसतं, ते बोलण्याच्या चढउतारात असतं.

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचं माप चोख देतो. ह्रस्वाला ह्रस्वाचं, दीर्घाला दीर्घाचं. इंग्रजीत काही अक्षरं उचलून धरायची असतात आणि बाकीची सोडून द्यायची असतात. उचलून धरणं नवशिक्याला लवकर जमतं. सोडून देणं मात्र जमत नाही, कारण ते चुकीचं वाटतं, निष्काळजी वाटतं. शाळेत 'स्पष्ट बोल' असं ऐकत आपण वाढलेलो असतो. तेव्हा या लेखातला बराचसा भाग सोडून देण्याबद्दल आहे.

सुरुवातीला दोन गोष्टी ठरवून घेऊ. इथे 'अक्षर' म्हणजे कागदावरचं अक्षर नव्हे, तर तोंडातून एका झटक्यात निघणारा तुकडा. 'वॉटर'मध्ये असे दोन तुकडे आहेत, 'बनाना'मध्ये तीन. आणि ज्या अक्षरावर आघात आहे त्याच्या आधी मी ˈ अशी छोटी उभी रेघ दिली आहे: 'ˈवॉ-टर', 'ब-ˈना-न'. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संस्थेच्या लिपीत हीच खूण वापरतात, त्यामुळे शब्दकोश उघडल्यावरही ती ओळखीची वाटेल. उच्चार साधारण ब्रिटिश धाटणीचे घेतले आहेत. अमेरिकी इंग्रजीत काही शब्दांचा आघात वेगळा असतो, पण तत्त्व तेच.

पायरी १: आघात कानाने ओळखा

आघात म्हणजे मोठ्याने म्हणणं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. आघात असलेल्या अक्षरात चार गोष्टी एकत्र येतात. ते अक्षर लांबतं, त्यावर आवाजाचा सूर बदलतो (बहुधा चढतो), आवाज थोडा मोठा होतो, आणि त्यातला स्वर पूर्ण, स्वच्छ ऐकू येतो. यांतली आवाज मोठा होण्याची गोष्ट तुलनेने कमी महत्त्वाची आहे. डेनिस फ्राय या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये 'ऑब्जेक्ट'सारखे शब्द घेऊन त्यांतल्या अक्षरांची लांबी आणि आवाजाची तीव्रता कृत्रिमरीत्या कमीजास्त केली आणि ती श्रोत्यांना ऐकवली. आघात कुठे आहे हे ठरवताना श्रोत्यांच्या कानाने तीव्रतेपेक्षा लांबीला जास्त किंमत दिली. १९५८ मध्ये त्याने सुराचा परिणामही तपासला, आणि तोही मोठा निघाला.

म्हणून पहिला सराव असा. 'ब-ˈना-न' हा शब्द कुजबुजत म्हणा. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे सूर चढवता येत नाही आणि आवाजही फारसा वाढवता येत नाही. तरीही मधलं 'ना' वेगळं ऐकू आलं पाहिजे. आलं, तर तुम्ही लांबी आणि स्वराचा पूर्णपणा योग्य वापरलात. नाही आलं, तर आजवर तुम्ही नुसता दणका देत होतात.

दुसरा सराव शब्द काढून टाकण्याचा. ओळखीचा शब्द घ्या आणि त्याचा फक्त आकार म्हणा: 'बनाना' म्हणजे 'ड-डाS-ड', 'वॉटर' म्हणजे 'डाS-ड'. अर्थ बाजूला पडला की कान आकाराकडे लक्ष देतो. आठवडाभर फक्त एवढंच केलं तरी चालेल. घाईने पुढच्या पायरीवर जाण्यापेक्षा इथे रेंगाळलेलं बरं.

पायरी २: श्वा, म्हणजे सोडून दिलेला स्वर

इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा स्वर कोणता? त्याला इंग्रजी वर्णमालेत स्वतःचं अक्षरच नाही. ध्वनिशास्त्रात त्याला श्वा म्हणतात. तोंड अर्धवट उघडं, जीभ मध्यावर सैल, ओठ निवांत. जवळजवळ आपला 'अ'.

हे मराठी माणसाच्या मोठ्या फायद्याचं आहे. अनेक भाषांच्या बोलणाऱ्यांना हा स्वर मुळापासून शिकावा लागतो, आपल्याकडे तो आयताच आहे. तो कुठे वापरायचा एवढंच आपल्याला माहीत नसतं, कारण आपण स्पेलिंग बघून उच्चार करतो. स्पेलिंगमध्ये 'ए' दिसला की 'ए' किंवा 'ॲ', 'ओ' दिसला की 'ओ' किंवा 'ऑ'. पण आघात नसलेल्या अक्षरात स्पेलिंगमधला कोणताही स्वर श्वा होऊ शकतो. 'अबाऊट'मधला पहिला स्वर, 'टेकन'मधला दुसरा, 'पेन्सल'मधला दुसरा, 'सपोर्ट'मधला पहिला: स्पेलिंगमध्ये ही चार वेगवेगळी अक्षरं आहेत, उच्चारात चारही श्वा. 'पेन्सिल' असं आपण लिहितो, पण इंग्रज माणसाच्या तोंडी ते 'ˈपेन्-सल्'च्या जवळ असतं. 'ब-ˈना-न'मध्ये तर स्पेलिंगचं एकच अक्षर तीनदा येतं. मधलं दीर्घ आणि पूर्ण, दोन्ही बाजूंची सोडून दिलेली.

मराठीने उसने घेतलेले काही शब्द याबाबतीत अगदी बरोबर आहेत. 'कमिटी', 'सपोर्ट', 'अकाउंट' यांच्यातला पहिला 'अ' श्वाच आहे. काही शब्द मात्र स्पेलिंगवरून आले आणि तसेच रुजले. 'पोलिस' हा शब्द इंग्रजीत 'प-ˈलीस' असा आहे, 'प्रोफेसर' हा 'प्र-ˈफे-सर'. मराठी वाक्यात 'पोलिस'च म्हणावं, तो आता मराठी शब्द आहे. इंग्रजी वाक्यात मात्र तो इंग्रजी अंगाने यायला हवा.

इथे एक सावधगिरी. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण गिळतो: 'घर' लिहितो, 'घर्' म्हणतो. इंग्रजीतला शेवटचा श्वा गिळायचा नसतो. 'ब-ˈना-न' मधला शेवटचा 'न' हलन्त नाही, त्यात 'अ' ऐकू यायला हवा, फक्त छोटा आणि सैल. 'सोफा' म्हणताना शेवटी 'आ' लांबवू नका आणि 'सोफ्' असा तोडूही नका.

काही शब्दांत सोडून देणं इतकं पुढे जातं की स्वर पूर्णच नाहीसा होतो. 'चॉकलेट'ची बोलण्यात दोनच अक्षरं उरतात, 'ˈचॉक्-लट्'. 'व्हेजिटेबल'ची तीन, 'ˈव्हेज्-ट-बल्'. 'कम्फर्टेबल'ही बहुधा तीनच, 'ˈकम्फ्-ट-बल्'. यात आळस नाही, हाच प्रमाण उच्चार आहे.

पायरी ३: शब्दातला आघात शिका, पण शब्दासोबतच

नवा शब्द शिकताना अर्थाबरोबर लिंग पाठ करावं, असं मराठी शिकणाऱ्या परक्याला आपण सांगतो. 'तो भात', 'ती भाजी', 'ते पाणी'. इंग्रजी शब्दाच्या आघाताचं तसंच आहे. तो शब्दाबरोबरच डोक्यात गेला पाहिजे. नंतर चिकटवायला गेलं की सुटतो.

ऐकणाऱ्याच्या दृष्टीने यात मोठा अर्थ आहे. बोलताना शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, आवाजाचा सलग ओघ असतो. त्यातून शब्द कुठे सुरू होतो हे कसं कळतं? ॲन कटलर या संशोधिकेने दाखवून दिलं की इंग्रजी कान जोरकस अक्षराला शब्दाची सुरुवात मानून चालतो, कारण इंग्रजीतले बहुसंख्य अर्थवाही शब्द तसेच सुरू होतात. तुम्ही आघात भलत्याच अक्षरावर दिलात, तर ऐकणारा तिथे नवा शब्द शोधू लागतो, आणि तो शोधेपर्यंत तुमचं वाक्य पुढे गेलेलं असतं.

नियम शंभर टक्के लागू पडत नाहीत, पण काही कल भरवशाचे आहेत.

दोन अक्षरी नामांत आघात बहुधा पहिल्यावर, दोन अक्षरी क्रियापदांत पुष्कळदा दुसऱ्यावर. म्हणून एकच स्पेलिंग दोन रूपांत फिरतं: 'ˈप्रे-झंट' म्हणजे भेटवस्तू, 'प्रि-ˈझेंट' म्हणजे सादर करणं. 'ˈऑब्-जेक्ट' म्हणजे वस्तू, 'अब्-ˈजेक्ट' म्हणजे हरकत घेणं. आघात सरकला की सोडून दिलेल्या अक्षरातला स्वरही बदलतो, हे इथे नीट ऐका. पण 'आन्सर', 'रिपोर्ट', 'सपोर्ट' हे नाम असोत की क्रियापद, जागा बदलत नाहीत. आणि 'हो-ˈटेल', 'म-ˈशीन', 'मि-ˈस्टेक', 'इ-ˈव्हेंट' ही नामं असूनही दुसऱ्या अक्षरावर आघात घेतात. हे चार शब्द आजच सुधारून घ्या, रोज लागतात.

सर्वांत उपयोगी कल प्रत्ययांचा आहे. शब्दाच्या शेवटी 'इक', 'इकल', 'शन', 'इटी' किंवा 'इअन' असेल, तर आघात त्या प्रत्ययाच्या लगेच आधीच्या अक्षरावर येतो. मूळ शब्दात तो कुठेही असू दे. 'ˈॲक्-टिव्ह' पण 'ॲक्-ˈटि-व्ह-टी'. 'अ-ˈकॅ-ड-मी' पण 'ॲ-क-ˈडे-मिक'. 'ˈपॉ-ल-टिक्स', 'प-ˈलि-टि-कल', 'पॉ-ल-ˈटि-शन': एकाच घरातले तीन शब्द, तीन वेगळ्या जागी आघात. 'लॉजी' आणि 'ग्राफी' यांनी संपणाऱ्या शब्दांत शेवटून तिसरं अक्षर धरायचं, 'बाय-ˈऑ-ल-जी' सारखं. 'पॉलिटिक्स' स्वतः आणि 'ˈॲ-र-बिक' हे अपवाद आहेत. पण या एका कलाने हजारो शब्द आपोआप सुटतात, म्हणून अपवादांनी बिचकू नका.

'ईज', 'इअर' आणि 'ई' हे प्रत्यय आघात स्वतःकडे ओढून घेतात: 'जॅ-प-ˈनीझ', 'एन्-जि-ˈनिअर'. उलट 'इंग', 'नेस', 'फुल', 'ली', 'मेंट' हे प्रत्यय आघाताला हात लावत नाहीत.

जोडशब्दांत पहिला भाग उचलायचा. 'ˈडार्करूम' म्हणजे छायाचित्रं धुण्याची खोली, 'डार्क ˈरूम' म्हणजे कुठलीही अंधारी खोली. 'ˈइंग्लिश टीचर' म्हणजे इंग्रजीचा शिक्षक, 'इंग्लिश ˈटीचर' म्हणजे इंग्रज शिक्षक. मराठीत जे काम 'चा' करतो, ते इथे आघात करतो.

आकड्यांची जोडी अनेकांना अडचणीत आणते: 'थर-ˈटीन' तेरा, 'ˈथर-टी' तीस. मात्र पुढे लगेच जोरकस शब्द आला की तेराचा आघात मागे सरकतो, 'ˈथरटीन ˈचेअर्स'. दोन आघात एकमेकांना खेटू नयेत, म्हणून. तेव्हा घोटाळा टाळायचा असेल तर 'टीन'मधला 'ई' लांब ठेवा आणि शेवटचा 'न' ऐकू येऊ द्या.

शंका आली की कोश उघडा. वरची छोटी रेघ मुख्य आघाताची, खालची रेघ दुय्यम आघाताची. काही अमेरिकी कोशांत खूण अक्षराच्या नंतर येते, म्हणून कोशाच्या सुरुवातीची सूचनांची पानं एकदा तरी वाचा.

पायरी ४: वाक्याची लय

मराठी वृत्तात आपण लघु आणि गुरू मोजतो. पारंपरिक इंग्रजी छंदात आघात मोजावे लागतात. दोन्ही भाषांच्या चालीतला फरक एवढ्यातच दिसतो.

ही तीन वाक्यं टेबलावर बोट आपटत म्हणा. ठोका फक्त खूण असलेल्या जागी.

ˈलीव्ह ˈबॅग्ज ˈहिअर.
यू कन ˈलीव्ह द ˈबॅग्ज ओव्हर ˈहिअर.
यू कुड अव् ˈलेफ्ट द ˈबॅग्ज ओव्हर ˈहिअर.

पहिल्या वाक्यात तीन अक्षरं, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात नऊ. ठोके तिन्हीत तीनच. अक्षरं वाढली म्हणून वाक्य त्याच प्रमाणात लांबत नाही, वाढलेली अक्षरं ठोक्यांच्या मधल्या जागेत दाटीवाटीने बसतात. मराठी सवयीने आपण आठ अक्षरांना आठ सारखे घर देतो, आणि मग इंग्रजी कानाला कुठे लक्ष द्यायचं ते कळत नाही.

केनेथ पाइक या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये या दोन चालींना नावं दिली: एक आघातावर चालणारी, दुसरी अक्षरावर चालणारी. पुढे यंत्रांनी मोजमापं झाली तेव्हा ठोक्यांमधलं अंतर काटेकोर सारखं नसतं हे दिसून आलं. म्हणून घड्याळ लावून ठोके द्यायला जाऊ नका. ठोके सारख्या अंतराने पडल्याचा भास होतो तो मधली अक्षरं आखडल्यामुळे, आणि आपल्याला शिकायचं आहे ते आखडणं.

कोणते शब्द आखडायचे? अर्थ वाहून नेणारे शब्द उभे राहतात: नाम, मुख्य क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण, प्रश्नार्थक शब्द, नकार. बाकीचे, म्हणजे शब्दयोगी, उभयान्वयी, सहायक क्रियापदं, सर्वनामं आणि 'द', 'अ' सारखे शब्द वाकतात. या वाकणाऱ्या शब्दांना दोन रूपं असतात, एक पूर्ण आणि एक दुबळं. 'अँड'चं 'अन्', 'कॅन'चं 'कन्', 'फ्रॉम'चं 'फ्रम्', 'वॉझ'चं 'वझ्', 'टू'चं 'ट', 'ऑव्ह'चं 'अव्'. 'हॅव'चंही 'अव्'च होतं, आणि त्यामुळेच इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही 'कुड हॅव' लिहिताना चुकून 'कुड ऑव्ह' लिहून जातात. ऐकायला दोन्ही एकच.

हे खोटं किंवा ओढूनताणून केलेलं वाटत असेल तर स्वतःचं मराठी ऐका. 'तो आला आहे' असं आपण लिहितो, म्हणतो 'आलाय'. 'काय करतो आहेस' हे 'काय करतोयस' होतं. तिथे 'आहे' हे सहायक क्रियापदच आहे, आणि आपण त्याला आखडून मागच्या शब्दात जिरवतो. इंग्रजी तेच करते, फक्त कितीतरी जास्त ठिकाणी.

दुबळं रूप सोडून पूर्ण रूप कधी वापरायचं? वाक्याच्या शेवटी आलं तर ('व्हॉट आर यू ˈलुकिंग ॲट?' इथे 'ॲट' पूर्ण), त्रोटक उत्तरात ('येस, आय ˈकॅन'), किंवा त्याच शब्दावर मुद्दाम बोट ठेवायचं असेल तर. एरवी 'कॅन' पूर्ण म्हटलं की घात होतो. 'आय कन ˈगो' म्हणजे जाऊ शकतो, 'आय ˈकान्ट ˈगो' म्हणजे नाही. शेवटचा 'ट' झपाट्यात ऐकू येत नाही, ऐकणारा स्वरावरून आणि जोरावरून ठरवतो. तुम्ही होकारात 'कॅन'वर जोर दिलात, तर त्याला नकार ऐकू येण्याची शक्यता पुष्कळ, विशेषतः तो अमेरिकी असेल तर.

पायरी ५: वाक्यातली एकच जागा, जिथे मराठीत 'च' लागतो

आतापर्यंतच्या ठोक्यांपैकी एक ठोका बाकीच्यांपेक्षा वरचढ असतो. सुराची सर्वांत मोठी हालचाल तिथे होते. त्याला मुख्य आघात म्हणू. माझ्या मते सगळ्या विषयात सर्वांत मोलाची गोष्ट हीच. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० मध्ये, वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा समजण्यासाठी काय अत्यावश्यक असतं याची यादी मांडली. दुबळी रूपं आणि आघातावर चालणारी लय त्यांनी त्या यादीबाहेर ठेवली, मुख्य आघाताची जागा मात्र आत ठेवली. तुमचं बोलणं प्रामुख्याने अशाच लोकांशी होणार असेल, तर ही पायरी आधी आणि चौथी पायरी नंतर घ्या. मातृभाषा इंग्रजी असलेल्यांचं बोलणं समजून घ्यायचं असेल तर चौथीला पर्याय नाही.

साध्या वाक्यात मुख्य आघात शेवटच्या अर्थवाही शब्दावर पडतो: 'आय सेंट ॲना द ओल्ड ˈफाइल.' शेवटी 'यस्टर्डे' सारखा काळ सांगणारा शब्द आला, तर तो बहुधा मोजत नाहीत: 'आय मेट हर ˈब्रदर यस्टर्डे.'

आता ही जागा हलवू.

'ˈआय सेंट ॲना द ओल्ड फाइल.' ॲनाला जुनी फाइल मीच पाठवली.
'आय सेंट ˈॲना द ओल्ड फाइल.' जुनी फाइल मी ॲनालाच पाठवली.
'आय सेंट ॲना द ˈओल्ड फाइल.' मी ॲनाला जुनीच फाइल पाठवली.

मराठीत 'च' हा एवढासा प्रत्यय जे करतो, ते इंग्रजीत आवाज करतो. 'मी पाठवलीच आहे' असं क्रियापदाला 'च' लावायचा असेल, तर इंग्रजीला 'डिड' आणून त्यावर जोर द्यावा लागतो: 'आय ˈडिड सेंड इट.' इंग्रजी बोलताना मनात मराठी वाक्य चालत असेल, तर ते थांबवायच्या भानगडीत पडू नका. त्यात 'च' कुठे आहे ते बघा आणि मुख्य आघात तिथे ठेवा.

उलट बाजूही लक्षात घ्या. मनात 'च' नसताना जोर दिलात, तर ऐकणारा तो 'च' ऐकतोच. 'गिव्ह इट टु ˈमी' म्हणजे 'मलाच दे, त्याला नको'. नुसतं 'मला दे' म्हणायचं असेल तर जोर 'गिव्ह'वर, आणि 'टु मी' खाली सोडून द्यायचं. सर्वनामांवर जोर देण्याची सवय अनेकांना असते, आणि बोलणारा विनाकारण हट्टाने बोलतोय असा समज होतो.

आधी बोलून झालेल्या गोष्टीवर मुख्य आघात येत नाही. कोणी विचारलं, 'डू यू नीड अ न्यू ˈफोन?' उत्तर: 'आयव्ह ˈगॉट अ न्यू फोन.' फोनची गोष्ट आधीच निघाली आहे, तेव्हा तो शब्द शेवटी असूनही खाली पडतो. मराठीत आपण म्हणू, 'आहे की नवा फोन माझ्याकडे.' क्रियापद पुढे आणतो, 'की' घालतो. इंग्रजीत शब्दांची जागा बदलण्याची मोकळीक फार थोडी, म्हणून शब्द जागेवर राहतात आणि जोर फिरतो.

इथेही खरी कसोटी सोडून देण्याची आहे. मुख्य आघात झाला की पुढचं सगळं सपाट आणि खालच्या पट्टीत जायला हवं. 'ˈआय सेंट ॲना द ओल्ड फाइल' म्हणताना 'फाइल'वर पुन्हा आवाज चढला, तर 'आय'वरचा जोर वाया जातो. माझ्या अनुभवात हे शेपूट खाली ठेवायलाच सर्वांत जास्त दिवस लागतात. 'आय' म्हणून झाल्यावर बाकीचं वाक्य स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणा, अतिरेक वाटला तरी. सुरुवातीला तेवढा अतिरेक लागतोच.

पायरी ६: सूर कुठे जातो

मुख्य आघातावर सूर हलतो, तो खाली जातो, वर जातो, किंवा खाली जाऊन पुन्हा वर येतो. सुरुवातीला एवढे तीन पुरेत.

खाली उतरणारा सूर म्हणजे बोलणं पुरं झालं. साधी विधानं, आज्ञा, आणि 'व्हॉट', 'व्हेअर', 'हू' यांनी सुरू होणारे प्रश्न सहसा असेच संपतात. 'व्हेअर डू यू ˈवर्क?' हा प्रश्न आहे म्हणून सूर वर न्यावा असं वाटतं, पण तो खाली येतो. वर नेलात तरी चूक नाही, विचारणं जरा जास्त मऊ होतं इतकंच.

वर चढणारा सूर म्हणजे बाकी आहे. हो-नाही उत्तराचे प्रश्न असे संपतात. मराठीत प्रश्नाचं ओझं 'का' उचलतो, 'येतोस का?' इंग्रजीत सुरानेही तेवढंच काम होतं: 'यू आर ˈकमिंग?' शब्दांची रचना विधानाची, प्रश्न फक्त सुरात. यादी वाचतानाही प्रत्येक वस्तूवर सूर चढा ठेवतात आणि शेवटच्या वस्तूवर उतरवतात. मधेच उतरला तर यादी संपली असं समजून समोरचा बोलायला लागतो.

'ˈसॉरी' खाली उतरवलं तर माफी, वर चढवलं तर 'काय म्हणालात?' 'आर्न्ट यू' सारखी प्रश्नशेपटं उतरत्या सुरात संमती मागतात, चढत्या सुरात खरोखर विचारतात. आपला 'ना' असाच आहे. 'येतोयस ना' हे दोन्ही सुरांत म्हणून बघा, फरक लगेच कळेल.

तिसरा सूर, खाली जाऊन वर येणारा, शिकवण्यात बहुधा मागे राहतो, आणि इंग्रजी संभाषणाचा अर्धा अर्थ त्यात दडलेला असतो. 'आय लाइक्ड द ˈफर्स्ट पार्ट' यातलं 'फर्स्ट' खाली नेऊन वाक्याच्या शेवटापर्यंत सूर पुन्हा वर आणलात, तर अर्थ होतो: 'पहिला भाग तर आवडला.' ऐकणारा पुढच्या 'पण'ची वाट पाहतो. मराठीत हे काम 'तर' करतो, किंवा 'तसं': 'तसं बरं आहे.' म्हणजे नुसत्या उतारात 'च' आहे, आणि उतार-चढावात 'तर'. कोणी तुमच्या कामाबद्दल 'इट्स ˈगुड' असं उतार-चढावाने म्हणालं, तर आनंद व्हायच्या आधी 'काय बदलू?' असं विचारा.

सौजन्यही सुरात असतं. मराठीत आदर 'तुम्ही'मध्ये, 'बसा', 'घ्या' या रूपांत आहे. इंग्रजीत ती रूपं नाहीत, त्यामुळे विनंती सपाट आणि खालच्या पट्टीत केली की 'प्लीज' असूनही ती हुकमासारखी ऐकू येते. सुरुवात थोड्या वरच्या पट्टीत करा.

एवढं सांगून हेही सांगायला हवं की सूर प्रदेशागणिक बदलतो. लिव्हरपूल, न्यूकासल, ग्लासगो, बेलफास्ट इथल्या बोलींमध्ये साधी विधानंही चढत्या सुरात संपतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही अनेकांच्या बोलण्यात विधान चढत संपतं. तिथल्या माणसाशी बोलताना प्रत्येक चढ हा प्रश्न समजू नका.

सराव कसा करायचा

पंधरा-वीस सेकंदांचा, एकाच माणसाचा, सहज बोलण्याचा आवाज निवडा. बातम्यांपेक्षा मुलाखत बरी. पहिल्या दिवशी शब्द न बघता फक्त ऐका आणि ठोके मारा. मग तोच तुकडा तोंड मिटून गुणगुणा, नुसता सूर. मग लिहून काढा, मुख्य आघातावर खूण करा, आणि दुबळ्या शब्दांखाली रेघ ओढा. सगळ्यात शेवटी त्या आवाजाच्या अर्धा क्षण मागे राहून, त्याच्याबरोबर बोलत जा. एक तुकडा आठवडाभर पुरतो. रोज नवा तुकडा घेणाऱ्यांची प्रगती कमी होते, असं मी पाहिलं आहे, कारण पहिले दोन दिवस शब्द समजण्यातच जातात.

सूर डोळ्यांनी बघायचा असेल तर 'प्रात' नावाचा मोफत संगणक कार्यक्रम आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातले पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तो तयार केला. डच भाषेत या नावाचा अर्थ 'बोल'. त्यात मूळ आवाज आणि तुमचा आवाज उघडला की सुराची रेघ दिसते. दोन्ही रेघा तंतोतंत जुळवायच्या नाहीत, प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. सर्वांत उंच उडी कोणत्या शब्दावर आहे आणि तिच्यानंतर रेघ खाली बसते का, एवढंच बघा.

स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकताना सगळ्या चुका एकदम शोधू नका. पहिल्या फेरीत फक्त 'द', 'टु', 'ऑव्ह', 'कॅन' आणि 'अँड' ऐका. हे पाच शब्द पुन्हा ताठ उभे राहिले असतील, तर तेवढंच वाक्य ठोके मारत परत म्हणा, आणि परत ऐका.